मिशिगन सिटीचे दीपगृह: किनाऱ्यावरचा दिवा पाण्यात का गेला?

रेवती_शि

मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, मिशिगन सिटी नावाचे गाव आहे. ट्रेल क्रीक नावाचा लहानसा प्रवाह तेथे सरोवराला मिळतो आणि त्याच्या मुखाशी बंदर आहे. या बंदराला आजवर तीन दीपगृहे लाभली. पहिले १८३७ मधले. ते आज उभे नाही. दुसरे १८५८ मधले, विटांचे, एखाद्या साध्या घराच्या छपरावर दिव्याची खोली बसवावी तसे. त्यात १९७३ पासून संग्रहालय आहे. तिसरे १९०४ मधले, पूर्वेकडील धक्क्याच्या टोकाशी, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले. ते आजही काम करते आणि इंडियानातील एकमेव कार्यरत सार्वजनिक दीपगृह म्हणून ओळखले जाते.

जिथे पाहावे तिथे या इतिहासाचा गाभा एका वाक्यात उरकलेला दिसतो: ‘वाढत्या जहाजवाहतुकीला जुने दीपगृह अपुरे पडू लागले, म्हणून नवे बांधले.’ या ‘अपुरे’ शब्दाने माझे समाधान होत नाही. अपुरे म्हणजे नेमके काय? प्रकाश मंद होता, मनोरा बुटका होता, की जागा चुकीची होती? मला तिसरे उत्तर खरे वाटते. त्याचे कारण असे की १९०४ मध्ये नव्या दीपगृहात जे भिंग बसवले गेले, ते जुन्याच दीपगृहातून काढून आणलेले पाचव्या श्रेणीचे, म्हणजे लहान आकाराचे, फ्रेनेल भिंग (दिव्याचा प्रकाश एकवटून दूर फेकणारे कड्याकड्यांचे भिंग) होते. दिव्याचा डोळा तोच ठेवायचा आणि फक्त त्याची जागा बदलायची, हे ज्या अर्थी केले गेले, त्या अर्थी तक्रार प्रकाशाबद्दल नसावी. बांधकाम, जहाजवाहतूक किंवा सरोवरांची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

उनाडटप्पू

मूळ प्रश्नाच्याही आधीचा प्रश्न विचारतो. तलावाला दीपगृह लागतेच कशाला? पलीकडचा काठ दिसत नाही का?

दर्यावर्दी

उनाडराव, नाही दिसत. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ४९० किलोमीटर लांब आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर भरते. मध्यावर उभ्या असलेल्या जहाजावरून चारही बाजूंना फक्त पाणी दिसते. त्यातही या गोड्या पाण्याच्या लाटा खलाशांना अधिक जाचक वाटतात, कारण त्या आखूड आणि उभ्या असतात. एका लाटेतून जहाज सावरते न सावरते तोच दुसरी येऊन आदळते. शिवाय चहूबाजूंनी जमीन असल्यामुळे वादळात ‘दूर खोल पाण्यात जाऊन थांबू’ हा समुद्रावरचा पर्याय येथे फारसा उरत नाही. थोड्याच तासांत कोणता तरी किनारा वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो, म्हणजे वारा जहाजाला त्या किनाऱ्यावर ढकलू लागतो. म्हणून बंदरात शिरणे भाग पडते, आणि शिरण्याचे दार सापडण्यासाठी दिवा लागतो.

रेवतीताईंच्या प्रश्नातील उंचीचा मुद्दा गणिताने निकाली काढता येईल. पाण्यापासून १५ मीटर उंचीवर असलेला दिवा क्षितिजाच्या वक्रतेमुळे सुमारे १५ किलोमीटरपर्यंत दिसतो. पाहणाऱ्याचा डोळा जहाजाच्या डेकवर ४ मीटर उंच असेल, तर आणखी साडेसात किलोमीटर मिळतात. म्हणजे एकूण २२-२३ किलोमीटर. बंदराच्या दिव्याला एवढे पुरे असते. उंची दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही, कारण ते उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा ‘मनोरा बुटका होता’ हे उत्तर मीही बाद करतो.

मृण्मयी

धाग्याचा विषय पाहून आनंद झाला, पण हॅरिएट कोलफॅक्सचा उल्लेख मूळ लेखात नसावा याचे आश्चर्य वाटले. मिशिगन सिटीच्या दिव्याचा इतिहास म्हणजे त्रेचाळीस वर्षे या एका बाईंचा इतिहास आहे.

त्या न्यूयॉर्क राज्यातील ऑग्डेन्सबर्गहून आपल्या भावासोबत येथे आल्या. भाऊ वृत्तपत्र चालवत असे. त्या छापखान्यात खिळे जुळवत आणि संगीत शिकवत. १८६१ मध्ये त्यांची दीपरक्षक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय सदतिसाच्या आसपास होते, आणि १९०४ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा ऐंशी. त्यांच्यासोबत अॅन हार्टवेल या शिक्षिका मैत्रीण अखेरपर्यंत राहिल्या.

किनाऱ्यावरच्या घरातील दिवा लावणे हे त्यांच्या कामातले सोपे अंग होते. १८७१ मध्ये पूर्व धक्क्याच्या टोकाशी एक लहान दिवा उभारला गेला आणि तोही त्यांच्याच गळ्यात पडला. त्या काळी दिव्यात डुकराच्या चरबीचे तेल जाळत. थंडीत ते थिजते. म्हणून ते घरातील शेगडीवर तापवायचे, डबा हातात धरून बर्फाळलेल्या लाकडी धक्क्यावरून टोकापर्यंत चालत जायचे, आणि तेल पुन्हा घट्ट होण्याच्या आत दिवा पेटवायचा. काही वर्षांनी तो दिवा प्रवाहाच्या पलीकडे, पश्चिम धक्क्यावर नेण्यात आला, तेव्हा तर घरातून दिव्याकडे जायला आधी प्रवाह ओलांडणे आले. १८८० च्या दशकातील वादळांनी धक्क्यावरील उंच वाटेची आणि दिव्याची मोडतोड केली. हे सगळे त्यांनी दैनंदिनीत कोरड्या, सरकारी भाषेत नोंदवून ठेवले आहे.

अक्षरशत्रू

आदर राखून एक शंका. स्काइलर कोलफॅक्स हे त्यांचे चुलत बंधू ना? इंडियानाचे काँग्रेस सदस्य, पुढे सभागृहाचे सभापती आणि १८६९ ते १८७३ या काळात देशाचे उपाध्यक्ष. मग नेमणूक कशी झाली असेल, हे सांगायला हवे का?

मृण्मयी

सांगायला हवे, आणि मी नाकारतही नाही. पण तेव्हा दीपरक्षकाची प्रत्येक जागाच राजकीय मर्जीने भरली जात असे. सरकार बदलले की रक्षक बदलत. १८६१ मध्ये लिंकन यांचा पक्ष सत्तेवर आला आणि देशभर अशा बदल्या झाल्या. दीपरक्षकांना नियमित नागरी सेवेचे संरक्षण १८९६ मध्ये मिळाले. म्हणजे हॅरिएटबाई पहिली पस्तीस वर्षे कोणत्याही निवडणुकीनंतर घरी जाऊ शकल्या असत्या. मधे विरोधी पक्षाचे अध्यक्षही येऊन गेले, तरी त्या टिकल्या. वशिल्याचे तट्टू एवढी वर्षे धावत नाही.

काकासाहेब

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून सांगतो की याच दिव्यावर त्यांच्या आधी, १८४४ ते १८५३ या काळात, हॅरिएट टाउनर नावाच्या बाई रक्षक होत्या. या बंदराने स्त्री दीपरक्षक आधीच पाहिली होती. तेव्हा ‘पहिली स्त्री’ अशी मोठी अक्षरे कुठे दिसली तर सावध राहावे.

आता मूळ प्रश्नाकडे. मला वाटते की १८५८ चे दीपगृह तसे का बांधले गेले हे आधी पाहिले पाहिजे. १८२० ते १८५२ या काळात अमेरिकेची सर्व दीपगृहे अर्थखात्यातील स्टीफन प्लेझंटन या एका हिशेबनिसाच्या हाताखाली होती. त्यांना तेलाच्या पिंपाचा हिशेब चोख कळे. जहाजाची गरज कळत नसे. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याचे भिंग १८२३ पासून फ्रान्समधील कोर्दुआनच्या दीपगृहात चालू होते, तरी अमेरिकेत ते महाग म्हणून जवळजवळ तीस वर्षे टाळले गेले, आणि जुनाट परावर्तकांचे दिवे चालू राहिले. १८५२ मध्ये नौदल व लष्करी अभियंते आणि शास्त्रज्ञ यांचे दीपगृह मंडळ स्थापन झाले, आणि मग भिंगे झपाट्याने बसवली गेली. मिशिगन सिटीचे १८५८ चे घर त्या लाटेतले आहे.

चरबीच्या तेलाचा उल्लेख झाला आहे म्हणून जोडतो. देवमाशाचे तेल फार महागल्यावर पर्याय शोधायचे काम मंडळावरील जोसेफ हेन्री या भौतिकशास्त्रज्ञाने अंगावर घेतले. चरबीचे तेल थंड असताना नीट जळत नाही, पण पुरेसे तापवले की चांगली ज्योत देते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. प्रयोगशाळेत तो निष्कर्ष बिनतोड होता. तापवलेले तेल वादळात धक्क्याच्या टोकापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न मात्र त्या प्रयोगात अंतर्भूत नव्हता.

स्थापत्य_अभि

रेवतीताई, तुमचे ‘जागा’ हे उत्तर बरोबर आहे असे मी मानतो, पण ‘जागा चुकीची होती’ असे म्हणणार नाही. १८५८ मध्ये जागा बरोबर होती. नंतर बंदराचे दारच पुढे सरकले, आणि ते वाळूमुळे सरकले. माझ्या मते या दिव्याचा खरा इतिहास वाळूचा इतिहास आहे. थोडे सविस्तर लिहितो.

सरोवराच्या लाटा किनाऱ्याला सरळ येऊन भिडत नाहीत, तिरक्या येतात. प्रत्येक लाट वाळूचे कण तिरके वर ढकलते आणि परतताना ते सरळ खाली घसरतात. अशा नागमोडी चालीने वाळू किनाऱ्याला समांतर वाहत राहते. मिशिगन सिटीपाशी हा प्रवास एकंदरीत ईशान्येकडून नैऋत्येकडे होतो. ट्रेल क्रीकसारख्या लहान प्रवाहात एवढा जोर नसतो की तो ही वाळू ढकलून मुख मोकळे ठेवील. त्यामुळे मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो, आणि जहाजाला दारातच जमीन लागते.

यावर उपाय म्हणून मुखाच्या दोन्ही बाजूंनी सरोवरात धक्के काढतात. येथे धक्का म्हणजे माल उतरवण्याची जागा नव्हे. लाकडी ओंडक्यांचे पिंजरे करून, त्यांत दगड भरून, ओळीने बुडवलेली भिंत. दोन भिंतींमध्ये प्रवाह आवळला की त्याचा वेग वाढतो आणि तळ काही अंशी आपोआप धुतला जातो. पण वाहत येणारी वाळू पूर्वेकडील भिंतीला अडते, तिथे साचते, किनारा पुढे येतो, आणि काही वर्षांनी वाळू भिंतीच्या टोकाला वळसा घालून पुन्हा दारात उतरते. मग भिंत आणखी लांबवायची. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दार किनाऱ्यापासून दूर जाते, आणि किनाऱ्यावरचा दिवा ‘येथे गाव आहे’ एवढेच सांगत राहतो; ‘येथे दार आहे’ हे तो सांगू शकत नाही. रात्री, वाऱ्यात, त्या दोन भिंतींची टोके न दिसणे म्हणजे मदतीसाठी बांधलेल्या भिंतीवरच जहाज आपटणे.

म्हणून १८७१ चा धक्क्यावरचा लहान दिवा माझ्या दृष्टीने या इतिहासातील निर्णायक घटना आहे. १९०४ मध्ये जे झाले ते त्या निर्णयाची पूर्तता होती.

शिकागोकर

अभि यांनी सांगितलेले चक्र पाहायचे असेल तर सरोवराच्या पलीकडच्या कोपऱ्यात शिकागोकडे पाहावे. शिकागो नदीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे दक्षिणेला वळलेले होते. लष्करी अभियंत्यांनी १८३० च्या दशकात तो दांडा कापून सरळ वाट काढली आणि उत्तरेला धक्का बांधला. त्या धक्क्याच्या वरच्या अंगाला इतकी वाळू साचत गेली की तिथे नवी जमीन तयार झाली. १८८६ मध्ये जॉर्ज स्ट्रीटर नावाच्या एका इसमाने आपली बोट तेथे रुतल्याचे सांगून, भोवती साचलेल्या जमिनीवर मालकी हक्क लावला आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे केले. खटला तो हरला, पण शहराच्या त्या अतिमहागड्या भागाला आजही स्ट्रीटरव्हिल म्हणतात.

तिथला दिवाही असाच पुढे पुढे गेला. नदीच्या मुखाशी १८३१ मध्ये बांधलेला पहिला मनोरा पुरा होण्याच्या सुमारासच कोसळला, १८३२ मध्ये दुसरा उभा राहिला, आणि धक्के लांबल्यावर तो आत राहून गेला. आजचे शिकागो बंदर दीपगृह १८९३ मधले. त्याच वर्षी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक तिसऱ्या श्रेणीचे भिंग मांडले होते. ते खरे तर कॅलिफोर्नियातील पॉइंट लोमासाठी बनवलेले, पण प्रदर्शन संपल्यावर ते शिकागोच्या दीपगृहातच बसवण्यात आले. हे संपूर्ण दीपगृह १९१९ मध्ये तिथून उचलून बाहेरच्या लाटरोधक बांधाच्या टोकाशी नेण्यात आले.

अक्षरशत्रू

म्हणजे शिकागोने दुसऱ्याचे भिंग ढापले, आणि स्ट्रीटरने सरोवराची वाळू. गावाचा स्वभाव एकच.

दर्यावर्दी

वाळूचा सिद्धान्त मला बहुतांशी मान्य आहे, तरी १९०४ च्या बाबतीत तो अपुरा वाटतो. धक्क्याच्या टोकाशी लहान दिवा आधीच होता. तो बदलून मोठा करता आला असता. मग किनाऱ्यावरचा मुख्य दिवा बंद करून, त्याचे भिंग काढून नेऊन, पाण्यात एवढी मोठी वास्तू उभारण्याचे कारण काय?

माझे उत्तर: धुके. १९०४ ची इमारत नीट पाहा. खाली काँक्रीटचा चौथरा आहे, त्यावर पिरॅमिडसारख्या लाल छपराचे ऐसपैस घर आहे, आणि त्यातून अष्टकोनी मनोरा वर निघतो. ते घर धुक्यातील भोंग्यासाठी आहे. धुक्यात कोणताही दिवा निकामी असतो. तेव्हा जहाज कानाने चालते. आवाज बंदराच्या दारातूनच यायला हवा, कारण तो किनाऱ्यावरून आला तर खलाशी आवाजाच्या रोखाने जाऊन धक्क्यावर आदळेल. वाफेवर चालणारा भोंगा म्हणजे बाष्पक आला, कोळसा आला, पाणी आले, आणि वाफ धरून ठेवायला पाळीने माणसे आली. ही यंत्रे ठेवायला इमारत लागली, आणि इमारत उभारल्यावर मुख्य दिवा तिच्याच डोक्यावर ठेवणे शहाणपणाचे होते. जुने किनाऱ्यावरचे घर १९०४ मध्ये वाढवून तीन रक्षकांच्या निवासासाठी फिरवले गेले, यावरून काम किती वाढले ते कळते. एक वृद्ध बाई आणि एखादा मदतनीस यांचे काम तिघांचे झाले.

मृण्मयी

दर्यावर्दी, ‘एक वृद्ध बाई’ यांच्यापेक्षा कामाची उकल अधिक न्याय्य शब्दांत करता आली असती. त्यांनी एकटीने दोन दिवे सांभाळले आणि एक दिवा प्रवाहापलीकडे होता. तीन माणसे लागली ती यंत्राला लागली. दिव्याला एकच पुरत होती, हे तुम्हीच सिद्ध केलेत.

दर्यावर्दी

मान्य करण्यास हरकत नाही. माझा रोख यंत्राकडेच होता.

स्थापत्य_अभि

भोंग्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण कार्यकारणाचा क्रम मला उलटा दिसतो. भोंगा दारात असावा, हे खरेच. पण दार किनाऱ्याजवळ राहिले असते तर भोंगाही किनाऱ्यावर ठेवता आला असता आणि पाण्यात इमारत बांधण्याचा खर्च वाचला असता. धक्का इतका लांब का गेला, या प्रश्नाचे उत्तर शेवटी वाळूपाशीच येते. शिकागोच्या उदाहरणाबद्दल मात्र थोडी सावधगिरी हवी. १९१९ चे स्थलांतर बाहेरच्या लाटरोधकाशी निगडित आहे. ते वाळूच्या खात्यात टाकता येणार नाही. शहर वाढले आणि आसऱ्याचे शांत पाणी अधिक लागले, म्हणून दार बाहेर गेले.

रेवती_शि

दोन्ही बाजू वाचून विचार सुरू आहे. दरम्यान एक उपप्रश्न. १९०४ च्या दीपगृहापर्यंत धक्क्यावर एक उंच लोखंडी कॅटवॉक, म्हणजे चालण्यापुरता अरुंद पूल, आहे. सरोवराला भरती-ओहोटी नाही म्हणतात; मग चालायला खाली धक्का असताना माणसाच्या डोक्यावरून पूल नेण्याइतके पाणी तिथे चढते कसे?

दर्यावर्दी

भरती नाही म्हणण्यासारखीच आहे, पाच सेंटिमीटरच्या आत. पण पाणी तीन प्रकारांनी चढते. पहिल्या दोन गोष्टी दीपरक्षकाच्या नित्याच्या: वादळी लाटा आणि त्यांच्या तुषारांचे गोठणे. हिवाळ्याच्या तोंडावर धक्क्यावर बर्फाचा असा जाड, गुळगुळीत लेप बसतो की तिथे उभेही राहता येत नाही. बंदर गोठून वाहतूक थांबली की दिवाही वसंतापर्यंत बंद ठेवत. पण त्याआधीचे शेवटचे आठवडे सर्वात धोक्याचे, कारण माल पोचवण्याच्या घाईने जहाजे नोव्हेंबरच्या वादळांतही निघत.

तिसरा प्रकार क्वचित घडतो पण भयंकर असतो. वादळाबरोबर हवेचा दाब आणि वारा एकदम बदलला की सरोवराचे पाणी एका काठाला ढकलले जाते आणि तिथून परत उलट्या काठाला येते. २६ जून १९५४ रोजी असेच झाले. वादळाची रेषा सरोवरावरून आग्नेयेकडे गेली, पाण्याचा लोंढा मिशिगन सिटीच्या बाजूच्या किनाऱ्याला लागून परतला, आणि शिकागोत, आकाश निवळलेले असताना, माँट्रोज बंदराच्या बांधावर मासे पकडत बसलेल्यांना त्याने ओढून नेले. आठ जण दगावले.

काकासाहेब

कॅटवॉकबद्दल पूरक माहिती. एके काळी या सरोवराच्या बहुतेक धक्क्यांवर असे पूल होते. दिवे विजेवर आणि नंतर स्वयंचलित झाल्यावर त्यांचे प्रयोजन संपले. मिशिगन सिटीचा दिवा १९३३ मध्ये विजेवर आला, १९३९ पासून तटरक्षक दलाकडे गेला आणि १९६० मध्ये स्वयंचलित झाला. गंजणारा पूल म्हणजे देखभालीचा भुर्दंड, म्हणून ते ठिकठिकाणी काढून टाकले गेले. मिशिगन सिटीचाही काढायचा बेत १९८० च्या दशकात होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो राखला. आज मिशिगन सरोवरावर असे मोजकेच उरले आहेत; मिशिगन सिटी, साउथ हेवन, ग्रँड हेवन आणि मॅनिस्टी येथले त्यांपैकी.

उनाडटप्पू

साउथ हेवन आणि ग्रँड हेवनची दीपगृहे पूर्ण लाल आणि मिशिगन सिटीचे पांढरे, असे छायाचित्रांत दिसते. रंगाचे बजेट संपले होते का?

दर्यावर्दी

बजेट नव्हे, नियम. अमेरिकेत बंदरात परतताना उजव्या हाताची खूण लाल असते. ग्रँड हेवन आणि साउथ हेवनचे दिवे दक्षिण धक्क्यावर आहेत; पश्चिमेकडून आत शिरणाऱ्या जहाजाच्या ते उजवीकडे येतात. याच सरोवराकाठच्या हॉलंड नावाच्या गावाचे दीपगृहही आधी फिकट रंगाचे होते. ते १९५६ मध्ये याच नियमाने लाल झाले आणि आता त्याच रंगामुळे प्रसिद्ध आहे. मिशिगन सिटीचे दीपगृह पूर्व धक्क्यावर, म्हणजे शिरताना डाव्या हाताला आहे.

शिकागोकर

या बंदराच्या इतिहासातील एक मोठी घटना कोणी लिहिली नाही, कारण ती बंदरापर्यंत पोचलीच नाही. २४ जुलै १९१५ रोजी शिकागोहून ‘ईस्टलँड’ नावाची आगबोट वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन सहलीला निघणार होती. सहल मिशिगन सिटीला होती. बोट शिकागो नदीतच, धक्क्याला बांधलेली असताना, एका कुशीवर कलंडली आणि ८४४ माणसे गेली. मिशिगन सिटी हे त्या काळी शिकागोच्या लोकांचे सहलीचे ठिकाण होते, हे यातून कळते. तेव्हा १९०४ च्या दिव्यामागे केवळ मालवाहतूक नव्हती. माणसांनी खच्चून भरलेल्या आणि वेळापत्रकावर चालणाऱ्या आगबोटीही होत्या. धुके निवळण्याची वाट पाहत शिडाचे जहाज थांबू शकते, वेळापत्रक थांबत नाही. या अर्थाने मी दर्यावर्दींच्या बाजूने आहे.

अक्षरशत्रू

एक आडवा मुद्दा. दिवा धक्क्याच्या टोकाशी आला म्हणजे दार सुरक्षित झाले, असे सगळे गृहीत धरताहेत. डुलुथ आठवा. सुपीरियर सरोवरावरील त्या बंदराचा कालवा ९१ मीटर रुंद, आणि दक्षिण धक्क्यावर १९०१ मध्ये नव्याने बांधलेले दिवे. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात ‘मटाफा’ हे जहाज त्या दारात शिरताना धक्क्यावर आदळून मोडले आणि नऊ जण थंडीने व लाटांनी गेले. किनाऱ्यावर गाव जमा होऊन पाहत होते. ही दुर्घटना भर दुपारी घडली. दिव्याचा तिथे संबंधच नव्हता.

स्थापत्य_अभि

बरोबर, आणि या मुद्द्याने माझे म्हणणे अधिकच स्पष्ट होते. खोल पाण्यात दिवा ‘दूर राहा’ सांगतो. बंदराच्या दारात तो ‘नेमके येथूनच या’ असे सांगतो. दुसरे काम फार अवघड आहे, कारण त्यात चुकीला जागा केवळ काही मीटर असते. म्हणून अशा दारांशी बहुधा दोन दिवे ठेवतात, एक पुढे आणि एक मागे उंचावर. दोन्ही एका उभ्या रेषेत दिसले की जहाज वाटेच्या मधोमध आहे, आणि पुढचा दिवा ज्या बाजूला सरकलेला दिसेल त्या बाजूला वाट सापडते. डुलुथच्या दक्षिण धक्क्यावर असेच दोन आहेत. एवढे करूनही लाटेने जहाज उचलून बाजूला फेकले तर दिवा काही करू शकत नाही. तिथे धक्क्याची दिशा, दाराची रुंदी आणि बाहेरचा लाटरोधक यांचे काम सुरू होते.

रेवती_शि

आता माझे मत मांडते. अभि यांचा ‘दार पुढे गेले’ हा मुद्दा १८७१ ला पूर्णपणे लागू पडतो. दर्यावर्दींचा भोंगा १९०४ चा आकार समजावून सांगतो. दोन्ही घटना एकाच प्रश्नाच्या उत्तरात कोंबल्या जातात, म्हणून ‘अपुरे पडले’ असे गुळमुळीत वाक्य तयार होते. मधल्या तेहतीस वर्षांत मुख्य दिवा किनाऱ्यावर आणि दाराचा दिवा पाण्यात अशी विभागणी होती, आणि ती विभागणी चालली ती एका माणसाच्या पायपिटीवर. म्हणजे मृण्मयीताईंच्या हॅरिएटबाई या कथेच्या कडेला नसून अगदी मधोमध आहेत. भोंगा आल्यावर ती विभागणी परवडेनाशी झाली.

अभि, एक राहिले. पूर्वेला वाळू साचली, तर पश्चिमेला काय झाले?

स्थापत्य_अभि

पश्चिमेला तुटवडा झाला. पूर्वेकडे वॉशिंग्टन पार्कचा रुंद वाळूकिनारा आहे, तो बराचसा धक्क्याची देणगी आहे. पश्चिमेला काही अंतरावर माउंट बाल्डी नावाची ३८ मीटरची वाळूची टेकडी आहे. तिच्या पायथ्याला येणारी वाळू बंदराने अडवली, त्यामुळे सरोवर तिचा पायथा खाते आणि वारा तिला दरवर्षी मीटरभराहून अधिक आत, झाडांवर ढकलतो.

बंदराला लागूनच पश्चिमेला हूजियर स्लाइड नावाची याहून मोठी, सुमारे ६० मीटरची टेकडी होती. ती मात्र सरोवराने खाल्ली नाही, काचकारखान्यांनी खाल्ली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेल्वेच्या वाघिणी भरभरून वाळू गेली, मुरब्ब्यांच्या बरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॉल बंधूंच्या कारखान्यातही गेली, आणि १९२० च्या सुमारास टेकडी संपली. दीपगृहाच्या बहुतेक छायाचित्रांत मागे जो अवाढव्य शीतक मनोरा दिसतो आणि ज्याला पर्यटक अणुवीज केंद्र समजतात, ते कोळशावर चालणारे वीजकेंद्र त्याच जागेवर आहे.

उनाडटप्पू

म्हणजे ज्या गावात वाळू नको होती तिथे ती रोज फुकट येत होती, आणि जिथे होती तिथून वाघिणी भरून विकली. व्यवहारज्ञान कमी पडले की जास्त, ते ठरवता येत नाही.

स्थापत्य_अभि

आता व्यवहार उलटा झाला आहे. माउंट बाल्डीच्या पायथ्याशी बाहेरून वाळू आणून टाकावी लागते, आणि बंदराच्या मुखातून उपसलेला गाळही पश्चिमेच्या किनाऱ्यासाठी वापरतात. धक्के आहेत तोवर हा उपसा चालूच ठेवावा लागेल. पाण्याची पातळी त्यात आणखी गुंता करते: मिशिगन सरोवराची नोंदलेली उच्चतम पातळी १९८६ मधली आणि नीचतम जानेवारी २०१३ मधली, आणि दोन्हींत जवळपास दोन मीटरचा फरक आहे. पातळी उतरली की जुन्या धक्क्यांच्या पोटातील ओंडके उघडे पडून कुजतात, चढली की लाटा वरून जातात. दीपगृहाच्या रंगरंगोटीसाठी वर्गणी सहज जमते. त्याच्या खालच्या पिंजऱ्यांसाठी जमत नाही, आणि खर्च तिथेच अधिक आहे.